फायरवॉलविरुद्धची माझी शांततापूर्ण मोहीम

सोमवार, ४ मार्च. सकाळी ९.४०
संकल्प : रागावणे कायमचे बंद.

प्रथम विषय नीट मांडू. सर्व्हरच्या दारावर फायरवॉल नावाचा प्रोग्राम पहारा देतो. कोणाला आत सोडायचे याची यादी त्याच्याकडे असते. यादी बदलली की काम न थांबवता ती त्याला पुन्हा वाचायला लावणे, म्हणजे रीलोड. किती सुंदर कल्पना! आमचा फायरवॉल मात्र रीलोड केला की कोसळतो. पूर्ण बंद करून चालू केला की मुकाट्याने चालतो; पण त्यात साऱ्या ऑफिसचे काम तुटते.

शुक्रवारी संचालक समोर बसून रीलोड पाहणार. जमले तर विभागप्रमुखाची खुर्ची. स्पर्धेत दोघे : मी आणि डेटाबेसवाल्या बाई. म्हणजे मीच.

दुपारी १२.१५
रीलोड. फेल. सर्व्हरच्या कपाटाला एक चापट. हा राग नव्हे. जुन्या रेडिओलाही मारतातच.

१२.२०
फेल. लाथ. कपाट पोलादी असल्याची नोंद घेतली.

मंगळवार, ५ मार्च
उजव्या पायाचा अंगठा टरटरून सुजला आहे. बायको म्हणाली, अहो, भांडण तुमचं मशीनशी, आणि शेक द्यायचा मी. तिला तांत्रिक बाजू क्रमवार समजावली (पाऊण तास). तिने शेकाचे पाणी आणखी गरम केले.

आता पद्धतशीर तपास. यादीत बावन्न ओळी. एकावन्न आधीच्या प्रमुखांच्या, त्यांत नुसते रुक्ष आकडे. शेवटची माझी, गेल्या महिन्यातली : तिच्यात मी आकड्यांऐवजी दुसऱ्या शाखेच्या सर्व्हरचे पूर्ण नाव घातले आहे, वाचणाऱ्याला आनंद व्हावा म्हणून. दर वेळी मशीन या शेवटच्या ओळीकडेच बोट दाखवते. बोट दाखवणाऱ्यांचा मला अनुभव आहे. खरा गुन्हेगार नेहमी पुढच्या रांगेत असतो. उद्या एकावन्न ओळी एकेक काढून पाहणे.

बुधवार, ६ मार्च. संध्याकाळी ५.३०
एकावन्न वेळा फेल. दर वेळी बंद-चालू करावे लागले, म्हणजे ऑफिसचे कामही एकावन्न वेळा तुटले; विज्ञानाला किंमत द्यावी लागते. सतराव्या ओळीला कीबोर्ड भिंतीवर फुटला. अडतिसाव्या ओळीला खुर्चीचा पाय हातात आला, पुढील तपास त्यानेच केला. बाई दारातून म्हणाल्या, सर, त्या कपाटानं काय घोडं मारलंय तुमचं? मी म्हणालो, सखोल तपासणी चालू आहे. त्या म्हणाल्या, हो, खालच्या मजल्यापर्यंत ऐकू येतेय.

गुरुवार, ७ मार्च
बाईंना विषय कळावा म्हणून प्रात्यक्षिक. फायरवॉलच्या भूमिकेत गेटवरचे मामा. (तरुणपणी कुस्ती खेळत. हे नंतर कळले.)

मी म्हणालो, मामा, हे रीलोड. बंद-चालू करताना गेट क्षणभर सताड उघडे असते; यात गेट बंदच ठेवा, जुनी यादी फाडा, नवी वाचा. शेवटच्या ओळीत गाडीचा नंबर नाही, फक्त शाखेचे नाव आहे. नंबर समोरच्या चौकीत विचारून या; मशीनही नावाचे आकडे असेच बाहेरून आणते.

मामा हलेनात. म्हणाले, साहेब, यादी फाडली. आता नवी पुरी होईतो गेटातून कुणालाच सोडायचं नाही, मलासुद्धा नाही. मग विचारायला जाऊ कुठून, भिंतीवरून?

मी म्हणालो, मशीन असले अडाणी प्रश्न विचारत नाही. मामा म्हणाले, म्हणून तर पडत असेल बिचारं.

येथे मी त्यांची कॉलर धरली, केवळ लक्ष वेधण्यासाठी. त्यांनी माझा पंजा धरला. उजव्या हाताची तीन बोटे मोडली. बाई मध्ये पडल्या नाहीत. कागदावर काहीतरी लिहीत होत्या.

शुक्रवार, ८ मार्च
संचालकांसमोर रीलोड. बाई म्हणाल्या, सर, मी टाइप करू का? नम्रपणे नाकारले. डाव्या हाताने केले. फेल. संचालक म्हणाले, असू दे, होतं असं. त्या सहानुभूतीने माझा तोल ढळला. भिंतीवरचा अग्निशामक सिलिंडर काढून कपाटावर घातला. तो फुटला. संचालक भुवयांपर्यंत पांढरे झाले.

त्या गोंधळात बाईंनी माझ्या ओळीतले नाव खोडून आकडे घातले आणि रीलोड केले. एका सेकंदात झाले. मामांचंच बरोबर होतं, असे त्या संचालकांना सांगत होत्या. फेस निथळत असलेल्या संचालकांनी टाळ्या वाजवल्या.

माझे मत : ओळीचे सौंदर्य गेले.

सोमवार, ११ मार्च
बाई विभागप्रमुख. पहिला आदेश : सर्व्हर रूममध्ये कोणीही एकट्याने जाऊ नये. ‘कोणीही’ या शब्दाची व्याप्ती विचारली. सर, तुम्ही, म्हणाल्या.

मला नवे काम : नव्या लोकांसाठी रीलोडची माहितीपुस्तिका, दोन पानी. प्रस्तावनेची एकोणीस पाने झाली आहेत.

दुपारी ३.१०
सकाळपासून चारदा रीलोड झाले म्हणे. कोणाला पत्ताही लागला नाही. याचा जाब विचारायला सर्व्हर रूमवर गेलो. दारावर जोरदार ठोसा मारण्याचे ठरवले होते. उजवा हात प्लास्टरमध्ये असल्याने डाव्याने टकटक केली. आत कोणाला ऐकू गेली नाही.