चौथीचा बूट, सातवीचा पाय

कात्रज, पुणे
जून २००४

तीर्थस्वरूप द्वारकाताई यांना
प्रेमलाचा वाकून नमस्कार.

"पायाले काय समजते वं? चप्पल घट्ट असली का शिकते थो आपोआप." हे वाक्य तुमच्या आईंनी माझ्या लग्नात, मी नव्या चपलेतून टाचा बाहेर काढून मांडवात उभी होते तेव्हा उच्चारलं होतं. आईंना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचं बाकीचं बोलणं मी (क्षमा करा) सोयीसोयीनं विसरले, पण हे एक वाक्य आमच्या घरात अजून मुक्काम ठोकून आहे. पत्राचा विषय तेच वाक्य, म्हणून आधी लिहून टाकलं. आता रीतीप्रमाणे विचारते. तुमचा गुडघा कसा आहे? वाशिमचं ऊन उतरलं का? निवृत्त झाल्यावरही तुम्ही शाळेत जाऊन नव्या मुख्याध्यापकांना फळा कसा पुसावा ते दाखवता असं कळलं, ऐकून बरं वाटलं. (हे फोनवर विचारता आलं असतं, पण फोनवर तुम्ही "बिल वाढते, ठेव" म्हणता आणि खरंच ठेवता.) इकडे सगळे मजेत. फक्त शेफाली लंगडते.

घाबरू नका, पडलीबिडली नाही. झालं असं की शाळा सुरू झाली आणि आमची चौथीतली कन्या एकाएकी फार शहाणी झाली. धावेना. जिना उतरताना कठडा धरू लागली. खो-खोत खो मिळाला तरी उठावं की नाही याचा विचार करू लागली. मला वाटलं, समज आली. (आईला असं वाटायला फारसं काही लागत नाही.) मग रविवारी नखं कापायला तिचा पाय मांडीवर घेतला, तर दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी आणि टाचांची सालं नव्या बटाट्यासारखी निघालेली. बूट लागतात का विचारलं तर म्हणाली, "छे, मस्त आहेत." आणि पाय ओढून फ्रॉकखाली घेतला.

हे बूट तुमच्या बंधुराजांनी मे महिन्यात आणले होते. कसे, ते सांगते. पोर दिवाणावर लोळत गोष्टीचं पुस्तक वाचत होती. त्यांनी खराट्याची एक काडी काढली, लोळत्या पायाला लावली, मोडली आणि खिशात घातली. (तुमच्या घरात पिढ्यान् पिढ्या असंच माप घेतात म्हणे. पाय दुकानात न्यायची पद्धत नाही.) कात्रज ते स्वारगेट पीएमटी बसच्या गर्दीत काडीचं टोक मोडलं. दुसरा माणूस परत आला असता. तुमच्या भावानं उरलेल्या काडीवर बूट घेतले आणि घरी येऊन वर मला सांगितलं, "अगदी मापात मिळाले."

त्याच रविवारी मी ठरवलं. यापुढे शेफालीचे बूट पाय नेऊन, उभं करून, शाळेचे मोजे घालून, संध्याकाळी पाय सुजलेले असताना, दोन्ही पायांचं माप घेऊनच घ्यायचे. मी आयुष्यात फार कमी गोष्टी ठरवल्या आहेत, ताई. नवरा माझ्या आईवडिलांनी ठरवला, फ्लॅट बिल्डरनं ठरवला. तेव्हा ही एक तरी तडीस न्यायची, असं मनाशी पक्कं केलं.

पहिल्यांदा गेलो शाळेनं नेमून दिलेल्या दुकानात. मालक पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "कितवी?" मी म्हटलं, पाय बघता का जरा. ते म्हणाले, "पाय काय बघायचा? इयत्ता सांगा." मी म्हटलं चौथी. "चौथीला तीन नंबर." मी म्हटलं, तीनच तर लागतोय, पाच दाखवा. आता मात्र त्यांनी पेपर खाली ठेवला. "बाई, पाच नंबर सातवीला. तो आत्ताच नेलात तर सातवीत काय नेणार, होडी?" मागे रांगेतल्या दोन आया हसल्या. शेफालीनं माझ्या हातातून तीन नंबरचा बूट घेतला, दात आवळून आत पाय कोंबला आणि दुकानभर चालून दाखवलं. तोंडावर हसू, कपाळावर घाम. मालक म्हणाले, "बघा, पोरीला कळतं." मी तो बूट तिच्या पायातून काढला (काढायला दोघी लागलो), परत दिला आणि बाहेर आले.

घरी तुमचे बंधुराज म्हणाले, "पातळ मोजे घाल." त्या रात्री मी त्यांना पातळ वरण वाढलं.

मग वरच्या मजल्यावरची उत्कर्षा मदतीला आली. ही हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. पोरगी गोड, पण तिला सगळंच कॉम्प्युटरमधून काढायची सवय. म्हणाली, "काकू, सिंपल आहे. पाय स्कॅन करू, प्रिंट काढू, डोन्ट वरी." शेफालीला स्टुलावर बसवून तिचं पाऊल स्कॅनरच्या काचेवर अलगद ठेवलं. खालून उजेड सरकला, पोरीला गुदगुल्या झाल्या, फार दिवसांनी हसली. पण त्या यंत्राला म्हणे चित्र पानभर करून छापायची खोड असते. छापून आलं ते पाऊल टाचेपासून अंगठ्यापर्यंत कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. माझ्या तळपायापेक्षा मोठं. उत्कर्षा म्हणाली, "ओह, सेटिंग चुकलं." पण तोवर शेफालीनं तो कागद पाहिला होता. ती जिना उतरून घरी आली आणि मोजे घालून बसली. झोपतानाही काढले नाहीत, जून महिन्यात.

इथे मी हात टेकायला हवे होते. पण मी म्हटलं ना, ठरवलं होतं. बुधवार पेठेत एका जुन्या दुकानात पाय मोजायची लाकडी पट्टी आहे असं कळलं. टाच मागे टेकवायची आणि पुढची सरकती फळी अंगठ्याला भिडवायची. शनिवारी तिला दगडूशेठचं दर्शन आणि पेढा अशी दुहेरी लाच देऊन नेलं. ती पट्टीवर उभी राहिली. पहिल्यांदा माप आलं साडेतीन. मला शंका आली, म्हटलं परत घ्या. आलं तीन. तिसऱ्यांदा अडीच! मालक म्हणाले, "बाई, अजून थोडा वेळ थांबा, बालवाडीचे बूट लागतील." मी वाकून पाहिलं, तर पोरीनं मोज्याच्या आत सगळी बोटं मुडपून घेतली होती. मी खाली बसले आणि म्हटलं, शेफू, बोटं सरळ कर. तिनं मान हलवली. मी जरा जोरात म्हटलं. तेव्हा रडू फुटलं आणि भर दुकानात म्हणाली, "आत्याचा नंबर चार आहे! आत्या एवढी मोठी आहे, हेडमास्तरीण होती, तिचा चार आणि माझा पाच? मी काय राक्षस आहे का?"

मालकांनी पट्टी उचलून कपाटात ठेवली आणि म्हणाले, "मग आत्याला घेऊन या."

ते टोमणा मारत होते. पुण्यात दुकानदार टोमणा मारतात आणि गिऱ्हाईक तो घेऊन घरी जातं, तशी मीही घेऊन आले. पण बसमध्ये तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं, पाय सीटखाली शक्य तितके मागे ओढलेले, आणि मला वाटू लागलं की आठवड्याभरात मला एवढा शहाणा सल्ला दुसऱ्या कुणी दिला नव्हता.

बाकी सर्व क्षेम. शेफाली सध्या तीन नंबरमध्येच शाळेत जाते, चप्पल घालून जायलाही तयार नाही. खो-खोच्या संघातून तिनं आपणहून नाव मागे घेतलं. भाऊजींना नमस्कार. गुडघ्याला तीळतेल लावत जा.

आपली
प्रेमला

ता. क. मागच्या वेळी तुम्ही दिलेलं लिंबाचं लोणचं संपलं. आणखी पाठवू नका, बंधुराजांचं पित्त वाढतं. (थोडं पाठवलंत तरी चालेल.)

ता. क. आणखी एक. लोणच्याचं उगाच लिहिलं. ताई, मे महिन्यात तुम्ही आमच्याकडे जेवण करून दिवाणावर आडव्या झाला होतात, तेव्हा मी पंखा कमी करायला आले. तुमचे पाय चादरीबाहेर आले होते. करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसलेली, अंगठा आत वळलेला, टाचेला सँडलच्या काठाचा जुना घट्टा. मी चादर ओढून घातली आणि कुणाला बोलले नाही. तुम्ही सांगता तसा तुमचा नंबर चार नाही. सहा असेल, कदाचित सातही. तुम्ही गुडघ्याला इतकी वर्षं तेल लावता, पण मला वाटतं दुखणं खालून वर चढतं आहे. शेफालीचे पाय हुबेहूब तुमचे आहेत. ती तुमच्यासारखं अक्षर काढते, तुमच्यासारखी भांडते, मग पाय तरी दुसऱ्या कुणाचे असणार?

तेव्हा विनंती अशी की एका शनिवारी पुण्याला या. बुधवार पेठेतल्या त्या पट्टीवर शेफालीच्या आधी तुम्ही उभ्या राहा, बोटं सरळ करून, आणि जो येईल तो नंबर मोठ्यानं वाचा, वर्गात वाचायच्या तसा. तुम्ही नाही म्हणणार हे मला माहीत आहे. "काही तरीच तुझं, प्रेमला," हे शब्दही मला इथे ऐकू येतात. म्हणून एवढंच करा, नकार पत्रानं कळवू नका. संध्याकाळी सहानंतर फोन करा. त्या वेळी फोन शेफालीच उचलते. तिलाच सांगा.