एक वाक्य कमी

प्रिय साहेब,

परवा फोनवर झालं ते काही बोलणं नव्हे. ताई शेजारी कान टवकारून बसली होती, तुझ्या मागे तुमच्या पाणीपुरवठा ऑफिसातला पंखा कुरकुरत होता, आणि मी ‘शिक्षणाची परवानगी नाकारली, झाले तीन आठवडे’ एवढं सांगून मोकळी झाले. तू म्हणालास, “बरं. मी काय करायचं ते सविस्तर लिहून पाठव.” तुझं सगळं असंच. पाइप फुटला म्हटलं की कुठं फुटला, किती इंचाचा, झडप कुणी बंद केली, हे आधी. हळहळ नंतर, वेळ उरला तर. तेव्हा सविस्तर लिहिते. लांबेल, चहा घेऊन बस.

मेल आली तेव्हा सकाळचे नऊ वाजले असतील. ताईच्या नव्या गुडघ्याचा व्यायाम चालू होता. ती पलंगावर पाय लांब करून टाच मागे ओढते आणि मी मोजते, रोज तीस वेळा. बाविसाव्याला मोबाइल वाजला. मी मोजता मोजताच वाचलं. दोन परिच्छेद होते, त्यातला पहिला नुसता नमस्कार-चमत्कार. दुसऱ्यात लिहिलं होतं की अभ्यासक्रम संपल्यावर मी हा देश सोडून परत जाईन याबद्दल अधिकाऱ्यांचं समाधान झालेलं नाही, सबब अर्ज नामंजूर. मी तेवीस म्हटलं, चोवीस म्हटलं, तिसापर्यंत नेलं, मग गुडघ्याखाली उशी सरकवली आणि मोबाइल तिच्या हातात दिला. ताईनं वाचलं आणि घर डोक्यावर घेतलं. “बावीस वर्षं मी यांच्या बसा हाकतेय, एक आरसा फोडला नाही कुणाचा, आणि माझ्या बहिणीवर यांचा भरवसा नाही? तू काय पळून जाणारेस?” रागाच्या भरात ती काठी न घेताच उभी राहिली. व्यायाम शिकवायला येणारी बाई आठवडाभर जे करून घेऊ शकली नव्हती, ते त्या मेलनं एका मिनिटात करून दाखवलं. आम्ही दोघीही हसलो. मला रडू वगैरे आलं नाही. वाईटही म्हणावं तसं वाटलं नाही. जे वाटलं त्याला काय म्हणायचं ते मला त्या दिवशी कळलं नव्हतं.

तुला मी त्या कार्यशाळेबद्दल तुकड्यातुकड्यांत सांगितलंय, पण नीट असं कधी नाही. ताईचं ऑपरेशन झालं त्याच इस्पितळाच्या तळघरात ती खोली आहे. ताईला तपासायला नेलं की तासभर बाहेर थांबावं लागायचं. पहिल्या महिन्यात एकदा जिना चुकून खाली गेले तर एका दारातून माझ्या ओळखीचा वास आला. प्लॅस्टर, तापवलेलं मेण आणि पॉलिशची पावडर. अकरा वर्षं दातांच्या लॅबमध्ये काढल्यावर हा वास झोपेतही ओळखता येतो. आत पांढऱ्या केसांच्या एक बाई खिडकीशी बसून डोळा रंगवत होत्या. समोर खुर्चीत ज्याचा डोळा गेला तो माणूस, आणि त्याच्या उरलेल्या डोळ्याकडे बघून बाई बुबुळाएवढ्या चकतीवर रंगाचे थर चढवत होत्या. पांढऱ्या भागावरच्या शिरा म्हणजे लाल रेशमाचे तंतू, चिमट्यानं एकेक बसवलेले. मी दारातच उभी राहिले. बाईंनी वर न बघता विचारलं, काय पाहिजे. मी म्हटलं, मी दात करते. त्या म्हणाल्या, मग आत या, उजेड अडवू नका. ताईनं त्यांचं नाव ‘डोळेवाल्या बाई’ ठेवलं आणि तेच आमच्यात रूढ झालं.

डोळे, कान, नाक, सगळं तिथं करतात. आजारात गेलेलं, अपघातात गेलेलं, जन्मापासून नसलेलं. मी जाऊन नुसती बघत बसायचे. एक दिवस बाईंनी माझ्यापुढं मेणाचा गोळा ठेवला आणि एका सुताराला माझ्यासमोर बसवलं. कर्करोगात त्याचा डावा कान गेला होता. उजव्या कानाकडे बघून डावा घडवायचा, म्हणजे सगळं उलटं, आरशातल्यासारखं. दाढेवरची एक खाच कोरण्यात हयात गेलेल्या माणसाला कान म्हणजे केवढा तरी प्रदेश वाटतो. चार दिवस लागले. पाचव्या दिवशी बाईंनी तो मेणाचा कान त्याच्या डोक्याशी धरला आणि आरसा दिला. सुतारानं आरशात बघितलं आणि म्हणाला, “माझ्या वडिलांचे कान असेच होते. कान गेल्यावर टोपी घालायला लागलो, आणि हे मी विसरूनच गेलो होतो.” त्यानं माझ्याशी हात मिळवला. एवढे खरखरीत हात मी आजवर कुणाचे पाहिले नव्हते. तो गेल्यावर बाई म्हणाल्या, इथं दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, एका वर्षात चारच जण घेतो, तुम्ही अर्ज करा. मी त्याच दिवशी तुला फोन केला. आठवत असेल तुला. तू दोन-तीन प्रश्न विचारलेस, आणि मग म्हणालास, “कर.”

तू नेहमीच असं सरळ म्हणत आलास, हे मला इथं मुद्दाम लिहायचं आहे. आई अंथरुणाला खिळल्या त्या चार वर्षांत मी लॅब सोडावी असं सगळं गाव मला सांगत होतं, तू एकदाही नाही. सकाळचं तू करायचास, दुपारनंतरचं मी. अंग पुसणं, कूस बदलणं, औषधं, तेल. आपण दोघांनी ते कुठं कमी पडू दिलं नाही. त्यांच्यासमोर मी तुला ‘अहो’ म्हणायचे आणि आपल्या खोलीत ‘तू’. त्या गेल्या, आणि सगळ्या घरात ‘तू’ म्हणायला मोकळीक झाली, तर बोलायलाच काही उरलं नाही. मी हे तक्रार म्हणून लिहीत नाही. एकदा जेवताना मी मनातल्या मनात बघितलं होतं, ताट वाढल्यापासून उचलेपर्यंत आपण काय बोललो. तू म्हणालास, “मीठ आहे का तिकडे?” मी म्हटलं, “आहे.” भांडण नव्हतं, अबोला नव्हता. ज्या कामासाठी दोन माणसं नेमली होती ते काम संपलं होतं, आणि दोघंही रोज वेळेवर हजर राहत होती. ताईच्या गुडघ्याचं कळल्यावर तूच म्हणालास, जाऊन ये, तुलाही जरा बदल. माळ्यावरची बॅग काढून तिच्या चाकांना तेल घातलंस. विमानतळावर ती बॅग इतकी अलगद धावली की मला तिच्यामागे पळावं लागलं.

आता तू विचारलेलं, कागदांचं. मेल आल्यावर तिसऱ्या दिवशी मी अर्ज भरून देणाऱ्या सल्लागारांकडे गेले. आपल्या भाषेत बोलणारे हे इथं एवढेच. केशकर्तनालयाच्या वरच्या मजल्यावर त्यांची खोली आहे, खालून सतत केस वाळवण्याच्या यंत्राचा आवाज येतो, त्यामुळे ते कायम वरच्या पट्टीत बोलतात. ते म्हणाले, “मॅडम, मनाला लावून घेऊ नका. हे छापील वाक्य आहे, दहातल्या सात जणांना हेच येतं. तुमच्याबद्दल त्यांना काडीचं माहीत नाही.” ताईही मला हेच सांगत होती. डोळेवाल्या बाईही. जो तो मला समजावत होता की त्या अधिकाऱ्यानं मला ओळखलेलंच नाही, आणि मी मान हलवत होते.

मग सल्लागारांनी माझी फाइल काढली आणि पेन्सिल घेऊन एकेक कागद तपासायला लागले. लॅबच्या मालकांचं पत्र ठीक. बाईंचं पत्र उत्तम. मग तुझं, दीड पानाचं. ते वाचता वाचता त्यांची पेन्सिल थांबली, पुन्हा वरून खाली गेली. ते म्हणाले, “यजमानांनी लिहिलंय फार छान. सगळं आहे. पण एक वाक्य कमी आहे. शिक्षण पूर्ण करून पत्नी परत येईल, असं कुठंच म्हटलेलं नाही. मी पाठवलेल्या नमुन्यात तिसऱ्या परिच्छेदाची सुरुवातच त्या वाक्यानं आहे. घाईत राहिलं असेल त्यांच्याकडून.” त्यांनी नमुना काढून शेजारी ठेवला. मी दोन्ही वाचले. खरं सांगते, तुझं पत्र मी तोवर धड वाचलंच नव्हतं. आलं त्या दिवशी पहिल्या दोन ओळी बघून अर्जाला जोडून टाकलं होतं. तेरा वर्षं संसार केलेल्या नवऱ्याचं दीड पान, आणि ते मी एका सल्लागाराच्या टेबलावर पहिल्यांदा वाचलं.

तू नमुना ओळीनं पाळला होतास. लग्नाची तारीख, माझं काम, आईंची शुश्रूषा, तुझा पाठिंबा. माझा हात चांगला आहे असं तू लिहिलंयस. ‘तिने केलेला दात तोंडात आहे हे माणूस विसरून जातो’ असं लिहिलंयस. हे तू मला कधी बोलला नव्हतास. तिसरा परिच्छेदही होता, पण त्याचं पहिलं वाक्य गाळून तो दुसऱ्यापासून सुरू केलेला. घाईत राहिलं म्हणे. तू फाटकापर्यंत जाऊन गॅसचं बटण बघायला परत येणारा माणूस. ऑफिसच्या अहवालात एक स्वल्पविराम चुकला तर पान पुन्हा काढून घेणारा.

सल्लागार म्हणाले की एवढ्या वाक्यानिशी नवं पत्र मागवा, पंधरा दिवसांत नवा अर्ज करू, यावेळी बहुधा होऊन जाईल. मी बरं म्हटलं आणि खाली आले. थांब्यावर ताईच्याच मार्गाच्या दोन बसा येऊन गेल्या, मी चढले नाही. ते वाक्य मी माझ्या अर्जात स्वतःच्या हातानं दोनदा लिहिलं होतं. एकदा फॉर्मवर, एकदा निवेदनात. माझं बोट कुठं अडखळलं नव्हतं, कारण मी त्याकडे बघितलंच नव्हतं. मेल वाचली त्या सकाळी मला जे वाटलं होतं ते त्या बाकावर मला कळलं. चोरी पकडली गेल्यावर वाटतं ते. छापील असो की कसंही, मेलमधलं ते नकाराचं वाक्य माझ्या बाबतीत खरं होतं. दोन वर्षं झाली की तिसरं काढायचं, मग आणखी काही, आणि परतीचं पुढं ढकलत राहायचं, तुला तोंडावर काही न सांगता. मी असं ठरवलं नव्हतं, पण तेच होणार होतं.

तिथून उठून मी तळघरात गेले आणि बाईंना सांगितलं की मी पुन्हा अर्ज करणार नाही. त्यांनी कारण विचारलं नाही. त्यांनी विचारलं, तुमच्याकडे नाक-कान गेलेले लोक काय करतात? मी म्हटलं, पट्टी बांधून फिरतात, नाहीतर घरात बसतात. त्या म्हणाल्या, मग राहिलेल्या सहा आठवड्यांत रोज सकाळी या, जेवढं डोळ्यांनी नेता येईल तेवढं न्या. आता रोज जाते. वही भरत आली. लॅबच्या मालकांशी बोलले, ते मागची खोली मला या कामासाठी द्यायला तयार आहेत. आधी नाक-कान जमतील, डोळ्यांना वेळ लागेल. ताई आता काठीशिवाय जिना उतरते आणि पुढच्या महिन्यात बसवर रुजू होते, तेव्हा तिचीही काळजी नाही.

हे पत्र लिहायचं कारण एवढंच की ते वाक्य लिहून पाठवू नकोस. मी सांगितलं तर तू पाठवशील, हे मला माहीत आहे, आणि मला ते तुझ्याकडून लिहून घ्यायचं नाही. मुक्कामाची मुदत संपायच्या आत, अठ्ठावीस तारखेला मी परत येते आहे. त्या परवानगीच्या अधिकाऱ्याचा माझ्याबद्दलचा तेवढा अंदाज चुकेल. पण आपल्या घरी राहायला येणार नाही. लॅबच्या वरच्या दोन खोल्या मी मागून घेतल्या आहेत. विमानतळावर येऊ नकोस, मी दुसऱ्या दिवशी घरी येईन, तेव्हा बसून बोलू, आणि काय न्यायचं काय ठेवायचं तेही शांतपणे ठरवू. सामान उचलताना तुला हे सांगावं असं मला नको होतं, म्हणून आधी लिहिलं. माझा तुझ्यावर राग नाही. तुझा माझ्यावर असला तर तो तुझ्या हक्काचा आहे. फक्त एक विचारायचं आहे, मी परतायची नाही हे तुला केव्हा कळलं? मला स्वतःला कळायच्या आधीच कळलं असेल, तर त्याचं मात्र मला फार वाईट वाटतं, कारण मग ते दीड पान लिहिताना तू अगदी एकटा होतास.

तुझी,
अठ्ठावीसला पोचणारी