दोघींतून एकच

सिंदी मेघे, वर्धा
१ सप्टेंबर २००४

प्रिय अहो,

सप्रेम नमस्कार. इकडे मी, आत्या आणि आत्याची मुलगी आचल, तिघीही ठीक आहोत. बापूजींचा खोकला थांबला असेल आणि आईंचे गुडघे त्यांना जिना चढू देत असतील, असं धरून चालते. फोन केला नाही, कारण तुमचा फोन दुकानात आहे आणि गिरडात पावशेर साखर न्यायला आलेला माणूसही आपलं बोलणं संपेपर्यंत पुडी उचलत नाही.

तुमचं पत्र मिळालं. दोन पानांत 'आई म्हणते' नऊ वेळा आहे आणि 'मला वाटतं' एकदाही नाही. आई म्हणतात, नापास झाली, आता शिकणं पुरे. आई म्हणतात, महालक्ष्म्यांना घरची सून घरात पाहिजे. आणि शेवटी 'या वेळी आली नाहीस तर तिकडेच राहा' असं आहे. ते कोण म्हणतं, हे मात्र तुम्ही लिहिलेलं नाही.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशीच माझी संगणकाची परीक्षा आहे, नागपूरला, सकाळी दहा वाजता. भरलेल्या फीची मुदत त्याच आठवड्यात संपते, त्यामुळे पुढची तारीख मिळत नाही. मी परीक्षा देणार आहे. हे विचारत नाही, कळवते आहे.

अभ्यास चांगला चालला आहे. क्लासमध्ये बाराजणांत चार मशीन आहेत, त्यातली एक मी सकाळी सातलाच जाऊन पकडते. आत्याने परवा विचारलं, हा सर्व्हर म्हणजे काय असतो? मी सांगितलं, ऑफिसमधला एक मोठा संगणक. बाकीच्या सगळ्यांना काही लागलं की ते त्याच्याकडेच मागतात, आणि तो एक मिनिट बंद पडला तर सगळे बोंबलतात. आत्या म्हणाली, "म्हंजे सूनच म्हन न वं!" आम्ही दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो.

तुम्हीच मला इथे पाठवलंत, हे मी विसरलेले नाही. "जाय, शिकून घेजो. दोघं बी दुकानात बसून काय करून राह्यलो आपण?" असं म्हणाला होतात. तुमचे ते शब्द मी सहा महिने जपले आहेत. ते बोलणारा माणूस मला या पत्रात सापडला नाही.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. मी जूनमध्ये नापास झाले नाही. मी परीक्षेला बसलेच नाही.

नागपूरच्या केंद्रावर मी वेळेत पोचले होते. तिथे ओळखपत्र दाखवावं लागतं. लग्नानंतर तुम्ही काढून दिलेलं मतदार कार्ड मी पुढे केलं. काउंटरवरच्या माणसाने कार्ड पाहिलं, यादी पाहिली आणि विचारलं, "अन्नपूर्णा कोन?" म्हटलं, मी. "मंग हे रक्षा गुल्हाने?" म्हटलं, तीही मीच. तो हसला नाही. म्हणाला, "म्याडम, दोघींतून एकच बसू शकते."

क्लासमध्ये परीक्षेचा फॉर्म भरताना माझ्या हाताने माझं नाव लिहिलं होतं. दहावी, बारावी, बीएस्सी, सगळे कागद रक्षाचे, म्हणून हात त्याच वळणाने गेला. मला चूक कळलीसुद्धा नाही. तो माणूस भला होता. म्हणाला, नाव दुरुस्त करून देतो, पुढची तारीख घ्या, सर्टिफिकेट अन्नपूर्णा नावाने येईल. फक्त 'हो' म्हणायचं होतं. माझ्या तोंडून 'नाही' आलं. एवढ्या जोराने आलं की बाकावरची मुलं वळून बघायला लागली. मी खाली आले, रसवंतीच्या बाकावर बसले आणि रडले. रागाने रडले, हे स्पष्ट लिहिते.

तुमचा फोन आला तेव्हा 'नाही झालं' एवढंच म्हटलं. तुम्ही नापास समजलात, मी समजू दिलं. सुनेने माहेरच्या नावासाठी परीक्षा सोडली म्हटलं असतं तर घरात चूल पेटली नसती. तीन महिने नापास म्हणवून घेतलं. ते खोटं माझं होतं, त्याची माफी मागते. 'नाही' म्हटल्याची मागत नाही.

आमच्या अभ्यासात एक धडा आहे. सर्व्हर माणसाला नावाने ओळखत नाही. प्रत्येक खात्याला आत एक लांबलचक नंबर असतो. वरचं नाव बदललं तरी नंबर तोच राहतो. तुम्ही लगेच म्हणाल, मग झालं तर, नाव बदललं म्हणून तू काय बदललीस? तसं मी बदलले नाही. पण नाव बदलायचा अधिकार कोणाला असतो, हेही त्याच धड्यात आहे, आणि सगळ्यांना नसतो. लग्नात ताटातल्या तांदळांवर तुम्ही अंगठीने 'अन्नपूर्णा' लिहिलंत, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला कोणी विचारलं होतं?

हेच मी एकदा वाल सोलताना आईंजवळ बोलले होते. त्या म्हणाल्या, "मले तरी कोनी इचारलं होतं? मी सीता होती." मग पुढचं अर्धं सूप त्यांनी एकटीनेच सोलून काढलं. तुम्हाला ठाऊक होतं का हे? आईंवर माझा राग नाही. त्यांना कोणी विचारलं नाही, म्हणून मलाही विचारायचं नाही, एवढं मात्र मान्य नाही.

जुलैत मी आचलची स्कूटी शिकले. दोनदा नालीत गेले. वर्ध्याच्या आरटीओत साहेबांसमोर गाडीने आठचा आकडा काढला आणि शाळेच्या दाखल्यावर लायसन्स काढलं. रक्षा बंडूजी गुल्हाने. फोटो आहे, सही आहे. बँकेचं जुनं पासबुकही त्याच नावाचं आहे. या वेळी दारातून कोणी परत पाठवू शकत नाही.

मला तुमची फार आठवण येते. साखरपुड्यानंतर आठ महिने तुम्ही पत्रं लिहिलीत, ती सगळी रक्षाला होती. काय काय लिहायचात! अन्नपूर्णाला असं एकही पत्र आलं नाही. तिला सामानाच्या याद्या आल्या.

परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी मी हिंगणघाटवरून येणाऱ्या दुपारच्या एसटीने गिरडला उतरेन, पास असो की नापास. तुम्ही स्टँडवर या. अन्नपूर्णा म्हणून हाक मारलीत तर मी वळणार नाही. माझ्या नावाने मारा, चार लोकांना ऐकू जाईल अशी. नाही आलात, तर तीच गाडी वीस मिनिटांनी परत फिरते. मी कंडक्टरला विचारून ठेवलं आहे.

आईंना आणि बापूजींना नमस्कार सांगा. हे पत्र त्यांना वाचून दाखवलंत तरी चालेल, पण एकही ओळ न गाळता.

तुमची (हा शब्द मी अजून खोडलेला नाही),
रक्षा