नवरात्रात न दुखणारं पोट

प्रिय अण्णा,

आईचा फोन आला, म्हणून तुम्ही गेल्यावर आज पहिल्यांदाच तुम्हाला लिहायला बसले. म्हणाली, "महेशचं पोट तुझ्या अण्णांसारखंच दुखायलंय. सोनोग्राफीत काय न्हाय म्हणं. नवरात्र धरायला लावते त्याला, देवीचंच असणार." लई राग आला मला. तुमचा लेक महेश, अजून लग्नसुद्धा झालं नाही त्याचं, आणि त्याच्याही वाट्याला तेच?

तुमचं नवरात्र आठवतं. परंड्याच्या दुकानात नऊ दिवस नुसत्या केळ्यांवर आणि लिंबूपाण्यावर शिलाई मशिन चालवायचात. पोट अगदी गप्प! दसऱ्याला आई कौतुकानं पुरणपोळीवर तूप ओतायची, आणि संध्याकाळी कळा परत सुरू. उपास सोडला म्हणून देवी कोपली, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. तुम्हाला तूप सोसत नव्हतं हो अण्णा.

एरवी मशिनवर वाकून बसायचात. गिऱ्हाइकाला वाटायचं, टेलर कामात आहेत. वाकलं की कळ थोडी कमी होते, हे मला तरी का नाही सांगितलं? विचारलं की तुमचं आपलं "बरं हाय". दारूला कधी शिवला नाहीत, तरी लोकांनी तोही संशय घेतला. काका तर कामाचा कंटाळा म्हणून मोकळे झाले.

आता मी लातूरला पॅथॉलॉजी शिकते. परवा सूक्ष्मदर्शकाखाली तुमच्यासारख्याच कळा येणाऱ्या माणसाचं, जुनाट सूज आलेलं स्वादुपिंड बघितलं; तूप-तेल पचवणारा रस तिथंच तयार होतो. त्यातले मज्जातंतू जाडजूड झालेले. सरांनी सांगितलं, सूज वर्षानुवर्षं राहिली की तिथं मज्जातंतू वाढवणारं प्रथिन जास्त तयार होतं. मग ते तंतू जाड होतात, हुळहुळे होतात, जराशानं ठणकतात. मला खूप वेळ मान वर करता आली नाही. तुमचं नाटक नव्हतं अण्णा, हे मी डोळ्यांनी बघितलं.

त्या प्रथिनाला आवरणारं भरवशाचं औषध अजून हाती नाही. खोटं कशाला सांगू? पण महेशला वेळेत तपासता तर येतं.

आईला म्हटलं, "देवीला हात जोड, पण त्याला तूप वाढू नको. सोमवारी माझ्याकडं पाठव." तिनं हळूच विचारलं, "म्हंजे तुझ्या अण्णास्नी ते दुखणं मीच वाढत हुते व्हय?"

"आई, तवा कुणालाच ठाव नव्हतं," मी म्हटलं. तुम्हीही तिला तेच म्हणाला असतात ना?

महेश सोमवारी येतोय. तो "बरं हाय" म्हणाला तरी मी ऐकणार नाही. पुढच्या सगळ्या तपासण्या करून घेईन, आणि त्याच्या दुखण्याला कुणी नाटक म्हटलं तर गाठ माझ्याशी आहे. यंदा दसऱ्याला त्याच्या ताटात कोरडी पोळी असेल, आणि तो ताठ बसून जेवेल. बघतेच मी.

तुमची,
सुमी