दादा, त्याच्याबरोबर येऊ नकोस

दादा,
तुला आणि वहिनीला धाकटीचा नमस्कार.

मी बरी आहे. गोठ्यात काम असतं, दूध भरपूर मिळतं. हल्ली झोपही लागते. आईचे गुडघे कसे आहेत? तिला सांग, मी रडत नाही.

परवा नवरा मला शोधत इथवर आला. मी चाऱ्याच्या खोलीत दडले. मालकीणबाई दारातूनच म्हणाल्या, "इथे तुमचं कोणी नाही." तेव्हा तो ओरडला, "तिच्या भावालाच घेऊन येतो. तोच हाताला धरून पाठवेल!"

येशील का रे तू?

इथे ट्रॅक्टर चालवणारा एकजण आहे. बायको वारल्यावर गाव सोडून आला, माझ्यासारखाच उपरा. फारसा बोलत नाही म्हणून सगळे त्याला घुम्या म्हणतात. त्या दिवशी मी चाऱ्याच्या खोलीतून बाहेर आले, तर पाण्याचा पेला पुढे करून म्हणाला, "पळायचं असेल तर सोडायला येतो. राहायचं असेल तर मी आहे. जन्मभर."

लोक तोंडात शेण घालतील, ठाऊक आहे. पण परत गेले तर मी जगणार नाही. माझ्या पाठीवरचे वळ तू पाहिले आहेस.

मी त्याला हो म्हटलंय, दादा. तू नाही म्हणू नकोस.

तुझीच,
धाकटी