पालथं पडायचं

१२ मार्च
आले एकदाची! भद्रावतीच्या कॉलनीतून निघताना आई म्हणाली, माणसं सोडून अस्वलांत काय जातेस. गडचिरोलीच्या जंगलातल्या या अस्वल केंद्रावर माझं काम साधं आहे: गावोगावच्या बायकांना अस्वलापासून जीव कसा वाचवायचा ते शिकवायचं. केंद्रात एकच अस्वल. पिल्लू असताना विहिरीतून काढलेलं, माणसांत वाढलेलं, म्हणून आता जंगलात सोडता येत नाही. पंजा चोखत गुणगुणतं म्हणून रखवालदार मुखरूभाऊ त्याला बुवा म्हणतात. खादाड आहे, पण भारी गोड!

१८ मार्च
मोहफुलं पडू लागलीत. बायका पहाटे वाकून वेचतात आणि अस्वलंही त्याच फुलांवर येतात. माझा धडा एवढाच: पळू नका, पालथं पडा, हातांनी मान झाका, हालू नका. अस्वल हुंगून निघून जातं. बुधरी नावाची बाई काही केल्या ऐकेना. म्हणे आम्ही ओरडतो, काठ्या आपटतो. मग बुजगावण्याला लुगडं नेसवलं, डोक्याच्या जागी मडकं लावलं आणि बुवाच्या आवारात पालथं टाकलं. बुवानं ढुंकूनही पाहिलं नाही! बायका हसून लोळल्या. मी चांगलीच तोंडावर आपटले.

२३ मार्च
मुखरूभाऊंनी तोड काढली. म्हणाले, "मडक्याखाली गुळाचा खडा ठेवू मॅडम, पाहा कसा धावत येते." आलाच! जाळीबाहेरून बायकांना एवढंच दिसलं की अस्वल आलं, हुंगलं, गेलं. बुधरीला अखेर पटलं. आता तीच बाकीच्यांना शिकवते. रोज नवं गाव, रोज गूळ. लबाडी आहे खरी, पण चांगल्या कामासाठी.

२ एप्रिल
आज बुवानं हुंगलंच नाही. सरळ बुजगावणं उलटं केलं आणि नखांनी मडकं फोडलं. नशीब, बायका निघून गेल्या होत्या. मी घाबरले, खोटं कशाला लिहू. गूळ आजपासून बंद.

५ एप्रिल
वादळात सागाचं झाड कुंपणावर पडलं. बुवा नाही. गावात निरोप धाडला, मोहाकडे जाऊ नका. पण ऐन हंगामात फुलं कोण सोडतं.

७ एप्रिल
बुधरी सापडली. उताणी. चेहरा —
हातांची बोटं मानेमागे गुंतलेलीच होती. ती हालली नव्हती. मी शिकवलं तस्संच —

८ एप्रिल
गावात गेले. सगळं सांगितलं, गुळाचंही. पालथ्या पडू नका म्हणून हात जोडले. बुधरीची धाकटी जाऊ करिश्मा माझीच समजूत घालू लागली. "तुमचा काई दोष नाई मॅडम. बुधरी हालली असन." गुळाचं कुणाला खरं वाटेना. मी रडले. त्यांनी मला पाणी दिलं.

९ एप्रिल
पहाट. मुखरूभाऊंबरोबर जीपमध्ये, मोहाच्या झाडांपाशी. अडवलं तरी बायका आल्याच आहेत, वेचताहेत —

बुवा. झुडपातून. मी ओरडले, अस्वल! आणि सगळ्या पटापट पालथ्या —

उठा, पळा म्हणतेय. मुखरूभाऊ भोंगा वाजवताहेत. कुणी उठत नाही. करिश्माचा आवाज — हालू नोका बायांनो, मॅडमनं सांगतलं तसं —

दार उघडायची माझी हिंमत नाही. हात नुसता लिहितोय —

पहिलीपाशी गेला. हुंगत नाही. तिला उलटं —

करिश्मा, ऊठ गं, तुझ्याकडे —