पाखऱ्याच्या गाडीचं जळकं तेल

केशोरी, सोमवार

श्रीमान साडभाऊ ईश्वरदासजी, आमगाव, यांस धनीरामचा रामराम.

इकडे मी ठीक, फुलवंता ठीक, बैल ठीक. तुमची गाडी सोडून सगळं ठीक आहे. तुमच्या गुडघ्याचं दुखणं कसं आहे? (ही चौकशी फुलवंतानं लिहायला लावली. माझ्या मनात नव्हती.) आपलं बोलणं दिवाळीपासून बंद आहे म्हणून फोन करत नाही. पत्र आलं म्हणून बोलणं सुरू झालं असं मात्र समजू नका.

ती जुनी डिझेल पिकअप माझ्या गळ्यात बांधताना तुम्ही म्हणाले होते, आटोमॅटिक आहे, बैलाले झटका बसत नाही. तेवढं खरं निघालं, कबूल करतो. क्लचच्या गाडीत गिअर बदलला की माझा पाखऱ्या पुढच्या गुडघ्यांवर येते, अन् गुडघे खरचटलेला बैल शंकरपटाच्या शर्यतीत काय डोंबल धावणार? म्हणून तर माझा पाखऱ्या अन् तुमचा बांड्या ही जोडी मी त्याच गाडीतून नेतो. पण पुढं तुम्ही जी अक्कल पाजळली! म्हणे या गाडीच्या गिअरबॉक्समधलं तेल जन्मभर बदलावं लागत नाही. कोणाच्या जन्मभर, ते विचारायचं राहून गेलं. अन् तेल मोजायची काडी गाडीत काऊन नाही, असं दिवाळीला सासुरवाडीत विचारलं, तर सगळ्यांसमोर हसत म्हणालात, जे बदलायचंच नाही ते मोजायचं कायले? वा! सासरेबुवांना दोन जावई मिळाले, त्यात एकाच्या वाट्याला अक्कल आली अन् दुसऱ्याच्या वाट्याला नुसती जीभ.

तर संक्रांतीपासून तुमची ही जन्मभराची गाडी खोडी करून राहिली. चढावर इंजिन बोंबलते, गाडी जागची हलत नाही, अन् हलली की असा झटका देते की क्लचची गाडी परवडली. शेवटी गोंदियाहून मुन्नालाल मिस्त्री आणला. (चष्मा कपाळावर चढवून आला तो जाईपर्यंत डोळ्यांवर आलाच नाही. त्याला गाडी दिसली तरी कशी देव जाणे.) त्यानं खालचा बोल्ट काढून बोटावर तेल घेतलं, हुंगलं अन् म्हणाला, "भैया, ये तो जल के काढ़ा हो गया." मोजायची काडी नाही म्हटल्यावर त्यानं उपाय सांगितला, की जेवढं निघालं तेवढंच नवीन टाकायचं. कमी पडलं तर गाडी चालत नाही, जास्त झालं तर फेस येते. तेल घमेल्यात निथळत ठेवलं, अन् मोजमाप जेवण झाल्यावर करू म्हणून महाराज पाटावर बसले. तीनदा भात घेतला.

आता आपल्याकडची रीत तुम्हाला काय सांगू. कोणाच्या दारात गाडीचं जळकं तेल निघालं की ते साऱ्या गावाचं होऊन जाते. आम्ही हात धुवून बाहेर येतो तर घमेल्यात काळा डाग तेवढा उरलेला! शेजारच्या भैयाजीनं बैलबंडीच्या आखाला पाहिजे म्हणून बाटली भरून नेली. योगराजनं कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून दोन बाटल्या नेल्या. अन् एक अख्खा डबा कोणी नेला, त्याचा पत्ताच नाही. मी दारोदार विचारत फिरलो. भैयाजी म्हणे, चाक काढून देतो, पुसून घे. योगराज म्हणे, खांब मोजून घे. असल्या लोकांत मी दिवस काढून राहिलो, ईश्वरदासजी!

मुन्नालालनं मग अंदाजानं तेल टाकलं. गाडी नुसती बोंबलली. अजून टाकलं, तर वरच्या नळीतून असा लाल फेस उसळला की फुलवंताच्या दोन कोंबड्या रंगून निघाल्या. त्यावर तो शहाणा म्हणे, तुमच्या गावातच खोट आहे, अन् चष्म्यासकट निघून गेला. डबा नेणाऱ्याला माझा एकच तळतळाट आहे, की त्या चोराच्या घराला वाळवी लागो!

परवा पट आहे. जोडीचं नाव लागलं आहे. पायी नेली तर जोडी तिथं पोचेपर्यंतच दमते, अन् क्लचच्या गाडीत पाखऱ्याला मी चढवणार नाही. साऱ्या केशोरीसमोर माझं नाक कापलं जाणार आहे, अन् ते तुमच्या त्या जिभेपायी. तुमची गाडी तुम्ही येऊन घेऊन जा.

नाइलाजानं तुमचाच साडभाऊ,
धनीराम

ता. क. गाडी घेऊन जा हे वाक्य फुलवंताला वाचून दाखवलं नाही. तुम्हीही संध्याबाईंना दाखवू नका. बहिणीबहिणी एक होतात अन् आपण दोघं उपाशी राहतो.

पुन्हा ता. क. हे पत्र पुतण्या रोशनच्या हाती पाठवून राहिलो. देताना त्याला डब्याचा किस्सा सांगितला, तर पोरगा म्हणते, काका, तो डबा तर मीच आमगावले पोचवला, काकूनं देल्ला होता. फुलवंताला विचारलं. मी गावभर बोंबलत फिरलो तेव्हा ही बाई तांदूळ निवडत गप्प बसली होती! म्हणे, संध्याच्या घरच्या चौकटीले वाळवी लागली, तिनं मांगलं, मी देल्लं. तुमाले विचारलं असतं तर बोलणं बंद हाये म्हणून तुमी देल्लं नसतं. (नसतंच दिलं.)

तेव्हा वाळवीचा तळतळाट मी परत घेतो, तुमच्याकडे ती आधीच पोचलेली आहे. चौकटीला तेल लावलं नसेल तर हात आवरा, तेल तसंच मोजा. लावलं असेल तर डब्याला आतून तेलाची रेघ दिसेल, तिथवर पाणी भरा अन् नीट मोजा. नीट म्हणजे संध्याबाईंना मोजू द्या. बांड्या तुमचा आहे, हे विसरू नका.

भैयाजी-योगराजच्या तीन बाटल्यांचा हिशेब माझ्याकडे आहे, अडलं ते डब्यापाशी. आकडा फोनवर सांगितला तरी चालेल. मी उचलीन, ऐकून घेईन. बोलणार नाही.